कुंकवाची कुळकथा

गेल्या श्रावणात डिचोली तालुक्यातील सर्वण गावी जाण्याचा योग आला. देवदर्शन आटोपून आप्तांच्या घरी बसलो असता घरातील वृद्ध काकींनी आपल्या सुनेच्या कपाळाकडे आमचे लक्ष वेधले. जेथे कुंकू लावावयाचे, नेमका तेथेच काळसर चट्टा उठला होता. बाजारातून आणलेले पिंजरेचे पाकीट समोर पडले होते. त्यावर देवीचे चित्र होते, ‘शुद्ध’ हा शब्द होता. परंतु आत काय आहे याविषयी एक अक्षरही नव्हते. काकी म्हणाल्या, “आदीं आमी पिंजर घरांत करताल्यो. आतां ती पाकिटांतल्यान येता. भितर कितें आसा, तें कोणाक खबर?”

काकींच्या या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता आम्हांस कुंकवाच्या कुळाकडेच वळावे लागले.

संस्कृतात ‘कुंकुम’ या शब्दाचा मूळ अर्थ केशर असा आहे. काश्मिरात पिकणारे हे द्रव्य किती महाग, हे सांगावयास नको. राजस्त्रियांच्या उटीत ते शोभे. कष्टकऱ्याच्या घरी ते कोठून येणार? परंतु आपल्या पूर्वजांनी त्यावर तोड काढली. हळकुंडास टाकणखार व लिंबाचा रस यांचे पुट द्यावे, ते वाळवावे, कुटावे आणि वस्त्रगाळ करावे. पिवळी हळद लाल होते. केशराचे नाव या लाल चूर्णास मिळाले आणि पुढे तेच खरे कुंकू ठरले. पोर्तुगीज भाषेतही हळदीस ‘देशी केशर’ अशा अर्थाचे नाव आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. म्हणजे आज आपण ज्यास अस्सल मानतो ते कुंकू एका काळी महागड्या वस्तूचा स्वस्त पर्यायच होते. स्वस्त म्हणून ते हीन ठरले नाही. कारण ते कशाचे केले आहे हे करणारीस आणि लावणारीस सारखेच ठाऊक होते.

आमच्या गोमंतकात या हळदीने बरेच सोसले आहे. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात, धर्मांतरितांनी टाकून द्यावयाच्या चालींमध्ये वधूवरांस हळद लावण्याची चालही होती. डिचोली, पेडणे हे महाल तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती नव्हते. ते त्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गेले. त्यामुळे या भागात कुळागरातील हळद, फणेरपेटीतील मेण आणि करंड्यातील पिंजर यांचा क्रम घराघरांत चालू राहिला. आधी कपाळी मेणाचे बोट, त्यावर कोरडी पिंजर. आणि डोळ्यांत दिव्याच्या काजळीचे, तुपात खललेले काजळ. बहुतेक सारा शृंगार परसातला आणि स्वयंपाकघरातला!

पुढे हे काम घराबाहेर गेले. सोलापूर जिल्ह्यातील केम हे गाव तर कुंकवासाठीच प्रसिद्धीस आले. घरचे काम धंदा होणे यात गैर काहीच नाही. परंतु धंद्याच्या पाठोपाठ दुसरा बदल झाला, तो न सांगता झाला. हळदीच्या जागी स्टार्च वा शंखजिऱ्याची भुकटी आली, आणि लिंबू-टाकणखाराच्या जागी रासायनिक रंग. कुंकवातील काही रंगांमुळे कपाळावर काळे डाग पडतात, आणि टिकलीच्या गोंदातील एका रसायनामुळे पांढरे डाग पडतात, हे त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदविले आहे. शेंदूर हे तर मुळातच शिशाचे संयुग. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतील संशोधकांनी न्यू जर्सी, मुंबई व दिल्ली येथील दुकानांतून सिंदुराचे ११८ नमुने घेऊन तपासले होते. त्यांपैकी बहुसंख्य नमुन्यांत शिसे आढळले. शिसे मुलांच्या बुद्धीच्या वाढीस अपाय करते, आणि आईच्या कपाळाचे कुंकू मुलाच्या बोटास लागून तोंडात जावयास वेळ लागत नाही.

आता कायद्याचे पाहू. १९४० च्या औषधविषयक कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा अंतर्भाव १९६२ च्या दुरुस्तीने झाला. शरीर सुशोभित करण्यासाठी त्यास लावावयाचा पदार्थ, ही तेथील व्याख्या कुंकवास पुरेपूर लागू पडते. रंगासाठी शिसे वा सोमल यांची संयुगे वापरण्यास मनाई आहे. रंगद्रव्यात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत २० भागांहून अधिक असता कामा नये. कुंकवाच्या भुकटीसाठी भारतीय मानक क्रमांक १०९९९ स्वतंत्रपणे आहे. दुसरीकडे, २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा कुंकू, टिकली, सिंदूर व आळता यांस करातून मुक्त ठेवण्यात आले. म्हणजे कुंकू स्वस्त राहावे आणि निर्मळही असावे, अशी दोन्ही बाजूंनी योजना आहे. उणीव आहे ती विचारणाऱ्याची.

कित्येकजण घरच्या घरी परीक्षा सांगतात: चिमूटभर कुंकू पाण्यात टाकावे, पाणी लागलीच गडद गुलाबी झाले तर रंग हळदीचा नव्हे. हे ठीक आहे. कारण हळदीचा रंग पाण्यात सहसा उतरत नाही. परंतु शेंदरातील शिसेही पाण्यात उतरत नाही. सबब पाणी निवळ राहिले म्हणून कुंकू निर्दोष ठरत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. याच कायद्याच्या २६ व्या कलमाने, विकत घेतलेले प्रसाधन ठरीव शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क कोणाही व्यक्तीस दिला आहे. हा हक्क फारसा कोणास माहीत नाही, म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो.

आमचे सांगणे देवस्थानांच्या महाजनांस विशेष आहे. ओटीबरोबर, प्रसादाबरोबर आपण जे कुंकू सुवासिनींच्या हाती देतो, ते त्या निःशंकपणे कपाळी लावतात. बाजारातील वस्तू माणूस पारखून घेतो. देवळातील वस्तू पारखीत नाही. म्हणून ती पारखण्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते. उत्पादकाचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक ज्यावर छापलेले नाहीत ते पाकीट देवळाच्या पायरीवर चढू नये. वर्षातून एकदा नमुना तपासून घ्यावा. गावातील स्त्रियांनी पुन्हा हळदीचे कुंकू करावयास घेतले तर उत्तमच. मात्र ते विकावयाचे वा वाटावयाचे असल्यास परवान्याचे पाहून घ्यावे.

सर्वणच्या काकींनी निघतेवेळी आम्हांस एक लाकडी करंडा उघडून दाखविला. त्यात त्यांच्या हातची, वर्षापूर्वीची पिंजर होती. रंग भडक नव्हता, विटेसारखा होता. सुनेचा चट्टा बरा झाला की तीच लावावयाची, असे घरात ठरले होते.