काचेतला समुद्र आणि कन्हानकाठ

मौद्यावरून वाहणारी कन्हान पुढे वैनगंगेला मिळते, वैनगंगेचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाते आणि गोदावरी ते बंगालच्या उपसागराच्या स्वाधीन करते. परंतु समुद्राचे पाणी उलट या मुलखात यावे आणि त्यातील प्रवाळ येथील एखाद्या घराच्या ओसरीवर जगावे, ही गोष्ट निसर्गक्रमात बसणारी नव्हती. ती शक्य झाली, तिच्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि माझ्या मते तो प्राणी पाळण्याचा नसून पाणी राखण्याचा इतिहास आहे.

पाणी राखण्याची विद्या या भागाला नवी नव्हे. वैनगंगेच्या खोऱ्यात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव पुढे मालगुजारी तलाव म्हणून प्रसिद्धी पावले. त्यांच्या पाण्यावर कोणाचा काय हक्क, हे गावच्या वाजिब-उल-अर्जात नमूद होत असे, आणि त्यांतील मासळीवर ढिवरांची चूल पेटत असे. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली. त्याच वर्षी मुंबईस, मरीन ड्राइव्हवर, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. त्याच्या आठ लाख रुपये खर्चापैकी दोन लाख तारापोरवाला यांच्या देणगीतून आले होते. सामान्य मराठी माणसाने काचेआडचा समुद्र पाहिला तो बहुधा तेथेच. परंतु त्या वास्तूच्या दाराशीच समुद्र होता, मौद्याच्या दाराशी तो नाही.

समुद्रापासून दूर प्रवाळ जगवण्याचा यशस्वी प्रयोग प्रथम केला तो ॲना थिन या इंग्रज स्त्रीने. १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून तिने काही प्रवाळ लंडनला आपल्या घरी नेले, आणि बंद भांड्यात पाणी शिळे होऊन जीव गुदमरतात हे ध्यानी आल्यावर ते पाणी उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत राहण्याचा क्रम तिने घालून दिला. हे ओतण्याचे कष्ट तिच्या मोलकरणीचे होते. आज जे काम विजेचा पंप करतो ते त्या बाईने हातांनी केले, आणि या विद्येचा आरंभ सांगताना मालकिणीबरोबर तिचेही स्मरण व्हावे असे मला मनापासून वाटते. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याने क्षार मोजून कृत्रिम समुद्रजल सिद्ध करण्याची कृती प्रसिद्ध केली. किनाऱ्याची मक्तेदारी मोडली ती या कृतीने.

मौद्यात आज कोणी अशी टाकी मांडू म्हणेल, तर मशरूम कोरल हाच आरंभीचा योग्य जीव होय. पावसाळ्यात बाजारात येणाऱ्या सात्यांच्या छत्रीसारखी त्याची मांसल चकती असते. अंगी दगडी सांगाडा नसतो, आणि पोटातील सूक्ष्म शैवाले प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतात. मंद प्रकाश, संथ प्रवाह, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि २४ ते २६ अंश उष्णता एवढीच त्याची मागणी; मात्र पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या वैशाखात हीच मागणी जड जाते. पाण्यावर पंखा लावून टाकी थंड ठेवावी, तर बाष्पीभवन वाढते. उडून जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट गोड्या, गाळून शुद्ध केलेल्या पाण्याने भरावयाची, खाऱ्या पाण्याने कदापि नव्हे. नवशिक्याची प्रवाळे नेमकी येथे दगावतात.

हा जीव सरकताना तळपायाचा तुकडा मागे ठेवतो आणि त्यातून नवी चकती उगवते. प्रशांत महासागरातील पाल्मायरा बेटावर १९९१ साली एक मासेमारी जहाज फुटले, आणि पुढे मशरूम कोरलच्याच एका भाईबंदाने त्या अवशेषांभोवतीचा प्रवाळतट व्यापून टाकला. तेव्हा घरच्या टाकीत त्याला स्वतंत्र दगडावर, इतरांपासून हातभर अंतरावर ठेवणे इष्ट. दगडी प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, म्हणून त्यांच्या वाटेस जाऊच नये; आणि मशरूमही समुद्रातून खरवडून आणलेला न घेता, दुसऱ्या कोणाच्या टाकीत असा तुटून वाढलेला तुकडाच मागून घ्यावा.