दोघांचे नृत्य, एकेकट्याचे गुण

इतिहासाच्या व्यासपीठावर व्हिडिओ गेमचे काय काम, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींच्या मनात आला असेल, व तो आम्ही गैर मानीत नाही. आमच्याही मनात तो आला होता. परंतु गेल्या दिवाळीत घरातल्या दोन मुली एका कोरियन गाण्यावर नाचत असता जे दृष्टीस पडले, त्याने हा विषय आम्हाला चिकटला तो चिकटलाच. समोर दूरदर्शनच्या पडद्यावर दोन रंगांच्या दोन आकृती नाचतात. एकीची नक्कल एका मुलीने करावयाची, दुसरीची दुसरीने. उजव्या हातात मोबाइल धरावयाचा, आणि नक्कल जितकी हुबेहूब तितके गुण पडद्यावर उमटतात. धाकटी घामाघूम होऊन सर्वांगाने नाचत होती. थोरली दमून कोचावर बसली व नुसता उजवा हात हलवू लागली. गुण थोरलीलाच अधिक पडले! धाकटीने अन्यायाची तक्रार आमच्यापुढे आणली. निवाडा आमच्या आवाक्याबाहेरचा होता. पण नृत्याची नोंद ठेवणारा नेमके काय पाहतो आणि कशाकडे त्याचे लक्ष जात नाही, हा प्रश्न इतिहासाचाच होय, व तो पुष्कळ जुना आहे.

गाणे लिहून ठेवता येते, त्यामानाने नाच लिहून ठेवणे फार कठीण. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः नाचणारा राजा. त्याने १६६१ साली पॅरिसला नृत्याची राजमान्य अकादमी स्थापन केली, आणि पुढे १७०० साली फ्यये नावाच्या नृत्यशिक्षकाने नृत्यलेखनाचे एक पुस्तक छापले. त्याची युक्ती मोठी सुबोध होती. पुस्तकाचे पान म्हणजेच नाचघराची जमीन. पानाच्या माथ्यावर गाण्याचे स्वर. खाली नर्तक ज्या वाटेने जातो ती वळणावळणाची रेघ. आणि रेघेच्या दोन्ही अंगांना उजव्या-डाव्या पावलांच्या खुणा. त्या काळचे दरबारी नाच बहुधा एका स्त्रीचे व एका पुरुषाचे असत. म्हणून पानावर दोन रेघा निघतात, आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दोन बाजूंना जातात, आणि पुन्हा जवळ येतात. नव्या नाचांची छापील पाने गावोगावचे शिक्षक विकत घेत; १७०६ साली पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही झाले. (ही पद्धत मुळात आपली, असा दावा राजाचा नृत्यगुरू बोशां याने १७०४ साली दरबारात केला. तो मान्य झाला नाही. नाच कोणाचा, हे भांडणही असे जुनेच!)

या लेखनात हातांचे तरंग, मानेचा झोक, मुद्रा ही फारशी उतरत नव्हती. सारा भर पावलांवर. मात्र एक खूण फ्ययेने आवर्जून ठेवली होती. दोघांनी हात हाती कोठे घ्यावा आणि कोठे सोडावा, याची ती खूण. पुढच्या कथेसाठी श्रोत्यांनी ती ध्यानात ठेवावी.

आता कोरियाकडे वळू, कारण ज्या गाण्यावर मुली नाचत होत्या ते तिकडचे. नाच टिपून ठेवण्याची हौस त्या देशाला पॅरिसवरून आलेली नाही. १४९३ साली, सोंगजोंग राजाच्या काळात, सोंग ह्यॉन प्रभृती विद्वानांनी 'अखाक ग्वेबॉम' हा संगीतग्रंथ सिद्ध केला. त्यात वाद्यांच्या व वेषांच्या चित्रांबरोबर दरबारी नाचांत कोणी कोठे उभे राहावे याचेही आराखडे आहेत. पुढे १८२८ साली युवराज ह्योम्यॉंग याने आपल्या आईच्या चाळिशीच्या समारंभासाठी एक एकहाती नृत्य रचले. वसंतात गाणाऱ्या हळद्या पक्ष्याचे ते नृत्य. वसंत व्याख्यानमालेत त्याचे नाव यावे हा योग बरा जुळला. या नृत्याचा नियम असा की, नर्तकाने एका चटईवर उभे राहून नाचावयाचे; चटईबाहेर पाऊल टाकावयाचे नाही. आजच्या नृत्ययंत्राचा पाट त्या चटईपासून निघाला, असे कोणी म्हणेल तर ते आम्ही मान्य करणार नाही. पण हातभर जागेत नाच बांधला तर तो गरीब होतोच असे नाही, एवढे त्या चटईने दाखवून ठेवले आहे.

१९१० ते १९४५ कोरिया जपानच्या टाचेखाली होता. दक्षिण कोरियाने त्यानंतर जपानी गाणी, चित्रपट वगैरेंना आपल्या बाजारात मज्जाव केला, तो जवळजवळ अर्धशतक टिकला. १९९७ च्या अखेरीस देशाचे चलन कोसळले व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला. नंतर निवडून आलेले अध्यक्ष किम दे-जुंग यांनी ऑक्टोबर १९९८ पासून जपानी करमणुकीवरील बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली. जपानी भाषेतील गाण्यांच्या तबकड्या उघड विकण्याची मुभा मात्र २००४ साली मिळाली. त्याच १९९८ साली जपानात कोनामी कंपनीचे 'डान्स डान्स रेव्होल्युशन' हे यंत्र व्हिडिओ गेम पार्लरांत आले होते. पायाखाली चार दिशांचे चार बाण. पडद्यावर जो बाण चढत जाईल तो तालावर दाबावयाचा. त्याचे वेड कोरियात पसरले, आणि १९९९ साली अँडामिरो या कोरियन कंपनीने आपले 'पंप इट अप' बाजारात आणले. त्यात चार कोपऱ्यांचे चार बाण व मध्ये एक, अशी पाच घरे होती. आणि गाणी स्वदेशी, कोरियन तरुणांच्या ओठांवरची होती. दोन पाट शेजारी शेजारी असल्याने दोघांनी मिळून नाचावे ही सोय प्रथमपासून होती. शौकीन मंडळी लवकरच पडद्याकडे पाठ फिरवून, बाण तोंडपाठ करून, हात व कंबर मोकळी सोडून नाचू लागली. पार्लरात गर्दी जमे ती हे पाहावयास. यंत्राला मात्र पाऊल तेवढे कळत होते. वरचा सारा देह त्याच्या हिशेबी नव्हताच.

दरम्यान कोरियन गाण्यांचाही साचा पालटला. प्रत्येक गाण्यात एक ठसठशीत हावभाव असा बसवावयाचा की पाहणाऱ्याने तो घरी जाऊन करून पाहावा. वंडर गर्ल्स या गटाचे 'टेल मी' २००७ साली आले, तेव्हा शाळकरी पोरांपासून पोलिसांपर्यंत साऱ्यांनी त्याच्या नकला केल्या. याचा कळस झाला तो १५ जुलै २०१२ रोजी आलेल्या साय यांच्या 'गंगनम स्टाईल'ने. त्याच वर्षी २१ डिसेंबरला यूट्यूबवर एक अब्ज वेळा पाहिले गेलेले ते पहिले चित्रगीत ठरले. त्यातला घोडेस्वारीचा नाच आपल्याकडेही लग्नाच्या वरातीत दिसला. मनगटे एकमेकांवर ठेवून लगाम धरावयाचा, मग उजवा हात डोक्यावर फासासारखा फिरवावयाचा, आणि पाय घोड्यासारखे दुडकत राहावयाचे. चित्रगीतात भुयारी रेल्वेच्या डब्यात गायिका ह्युना भेटते आणि क्षणभर हा स्वार एकटा राहत नाही. आमच्या मते सारी गंमत त्या क्षणात आहे.

वर्ष सरण्यापूर्वी हे गाणे 'जस्ट डान्स' या खेळाच्या चौथ्या भागाला जोडले गेले. हा खेळ यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पॅरिसमधील कार्यशाळेत २००९ साली जन्मला. फ्ययेच्या शहरातच जन्मला, हा निव्वळ योगायोग. याच कंपनीची एक कार्यशाळा २००८ पासून पुण्यात आहे, आणि या मालिकेच्या कामात तिचाही वाटा आहे. निन्टेंडोच्या 'वी' यंत्राची कांडी उजव्या हातात धरली की आतला संवेदक तिचे हेलकावे मोजी, आणि खेळाला नर्तकाविषयी तेवढेच कळे. म्हणजे जपानी-कोरियन यंत्राचे नेमके उलटे झाले. तेथे घोड्याचे पाय दिसत, लगाम दिसत नसे. येथे लगाम दिसतो, घोडा नाही. कोचावर बसलेल्या थोरलीचे गुण येथून आले.

२०१० सालच्या दुसऱ्या भागात दोघांचे नाच निराळे रचले जाऊ लागले. दोन आकृतींच्या हालचाली वेगळ्या, एकमेकांना पूरक. मधूनच सामोरे येणे, गिरकी, टाळी. कोरियन गाण्यांना हा घाट चांगला मानवतो. परंतु पडद्यावर टाळीचे चित्र येते आणि हिशेब मात्र दोन हातांचा दोन ठिकाणी, वेगवेगळा होतो. दोन तळवे एकमेकांस लागले की हवेत फिरले, हे खेळाला ठाऊक नसते. आपल्याकडच्या फुगडीत हात सुटला तर दोघीही आपटतात; येथे हात सुटला तरी दोघींना पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात. फ्ययेच्या कागदावरची ती लहानशी खूण पाहणारे यंत्र अद्याप मिळाले नव्हते.

ते मिळेल अशी आशा २०१० च्या अखेरीस वाटली होती. मायक्रोसॉफ्टने कायनेक्ट नावाचा कॅमेरा काढला. तो हातात काही न देता सबंध देह पाही. डोके, खांदे, गुडघे सारे ओळखी. आता न्याय होणार, असे धाकटीसारख्यांना वाटावयास हरकत नव्हती. पण या डोळ्याची अडचण चमत्कारिक होती. दोघे आपापल्या जागी दूर उभे असले तर तो नीट पाही. एक दुसऱ्याच्या पुढे आला, हात हातात गुंफले, की कोणाचा हात कोणता हे त्याला उमगत नसे. २०१७ साली कायनेक्टचे उत्पादन थांबले, आणि घरोघरच्या नाचाची भिस्त पुन्हा मुख्यतः उजव्या हातातल्या कांडीवर वा मोबाइलवर आली.

धाकटीची तक्रार अशी आमच्याकडे पडूनच राहिली. भाऊबीजेच्या रात्री मात्र थोरली कोचावरून उठली व दोघींनी तेच गाणे पुन्हा लावले. शेवटी एकमेकींकडे वळून टाळी द्यावयाची असते. ती थोडक्यात हुकली. पडद्याने दोघींनाही त्या टाळीचे पूर्ण गुण दिले. धाकटी म्हणाली, "ताई, टाळी लागली नाही." आणि त्यांनी गाणे पहिल्यापासून सुरू केले.