लघुरेल्वे, शहरी (स्वनिर्मित वास्तूंसह)

शहरातील स्थानक, यार्ड किंवा मालधक्का आणि भोवतालची वस्ती यांची ठरावीक प्रमाणात केलेली, चालत्या गाड्यांची प्रतिकृती. ती बहुधा घरातल्या एखाद्या फळीवर किंवा भिंतीलगतच्या फडताळावर बसेल एवढीच असते. ग्रामीण देखाव्यात रुळांना मोकळे रान लागते. शहरी देखाव्यात रुळांच्या दोन्ही अंगांना भिंती, पूल आणि गोदामे येतात, आणि पुढे जागाच नाही ही गोष्ट त्यांच्या आड झाकली जाते. त्यामुळे या प्रकारात इमारतींचा विचार रुळांच्या आराखड्याबरोबरच करावा लागतो. मागाहून आणून ठेवलेल्या इमारती उपऱ्या दिसतात. इमारती तयार संच न जोडता पुठ्ठा, प्लॅस्टिकची पत्री, लाकूड अशा कच्च्या मालातून घडवल्या असतील, तर त्यांना स्वनिर्मित म्हणतात. तयार संचाचे भाग कापून वेगळ्या तऱ्हेने जोडलेली इमारत स्वनिर्मित धरावी की नाही, याबद्दल हौशी मंडळींत एकमत नाही.

प्रमाण व गेज : युरोप-अमेरिकेत एचओ (१:८७) सर्वाधिक रूढ आहे. ब्रिटनमध्ये ओओ चालते. त्यात एका फुटाला ४ मिमी, म्हणजे १:७६.२ हे प्रमाण असते. दोन्हींच्या रुळांतले अंतर मात्र १६.५ मिमीच. खऱ्या १,४३५ मिमी गेजचे ओओच्या प्रमाणात १८.८३ मिमी व्हायला हवे, म्हणून ओओची गाडी जरा अरुंद रुळांवर धावते. ही विसंगती कमी करण्यासाठी ईएम (१८.२ मिमी) आणि पूर्ण काढण्यासाठी पी-फोर (१८.८३ मिमी) ही गेजे पुढे आली. त्यांवरचा वाद जुना आहे. जागा फारच तोकडी असेल तर एन हे ९ मिमी गेज वापरतात. त्याचे प्रमाण युरोप-अमेरिकेत १:१६०, जपानमध्ये १:१५० आणि ब्रिटनमध्ये १:१४८ धरले जाते.

माइनरीज आराखडा : छोट्या शहरी मांडणीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. सिरिल फ्रीझर (१९२४–२००९) हे १९५० ते १९७८ या काळात ‘रेल्वे मॉडेलर’ या इंग्रजी मासिकाचे संपादक होते. छोट्या जागेतल्या मांडण्यांचे असंख्य आराखडे त्यांनी काढले. ‘सिक्स्टी प्लॅन्स फॉर स्मॉल रेल्वेज’ ही त्यांची पुस्तिका अनेक हौशींच्या हाती पहिल्यांदा पडलेली असते. एप्रिल १९५७ च्या अंकात त्यांनी लंडनमधील एका कल्पित अंत्यस्थानकाचा आराखडा छापला आणि पूर्व लंडनमधल्या एका रस्त्यावरून त्याला ‘माइनरीज’ हे नाव दिले. या नावाचे खरे स्थानकही होऊन गेले. लंडन अँड ब्लॅकवॉल रेल्वेचे ते अंत्यस्थानक १८४० मध्ये उघडले. पुढच्याच वर्षी मार्ग फेनचर्च स्ट्रीटपर्यंत गेला आणि १८५३ मध्ये माइनरीज बंद झाले. या मार्गावर प्रारंभी इंजिने नव्हतीच. दोन टोकांना बसवलेली स्थिर यंत्रे दोराने डबे ओढत. फ्रीझर यांच्या कल्पनेतले स्थानक मात्र वाफेच्या इंजिनांनी गजबजलेले आहे.

आराखड्यात दुहेरी मार्ग आणि तीन फलाट आहेत. त्याचे कौशल्य सांध्यांच्या रचनेत आहे. कोणत्याही स्थानकाच्या तोंडाशी एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना गाडी आधी एका बाजूला आणि लगेच उलट बाजूला वळते. प्रतिकृतीत वळणे खऱ्यापेक्षा पुष्कळच तीव्र असतात, त्यामुळे अशा जोडवळणावर लांब डब्यांची टोके विरुद्ध दिशांना फेकली जातात, बफर एकमेकांत अडकतात आणि डबा रुळावरून उतरतो. फ्रीझर यांनी डाव्या-उजव्या सांध्यांचा क्रम असा लावला की बहुतेक वाटांवर हे जोडवळण टळते, शिवाय तिन्ही फलाटांवर येण्याची आणि तेथून जाण्याची सोय राहते. ओओ प्रमाणात हे सर्व साधारण ७ फूट लांब आणि १ फूट रुंद फळीवर बसते. गाड्या बदलण्याचे पडद्याआडचे यार्ड, म्हणजे फिडल यार्ड, यात धरलेले नाही.

चालवण्याची रीत अशी. चार डब्यांची गाडी फलाटाला लागते. तिचे इंजिन बफर-ठोकळ्याशी अडकून पडते, कारण बाजूने वळसा घालून निघायला रूळच नाही. मग बाजूच्या तुकड्यावर थांबलेले दुसरे इंजिन मागच्या टोकाला येऊन जुळते आणि गाडी घेऊन जाते. पहिले इंजिन मोकळे होऊन त्याच तुकड्यावर पुढच्या गाडीची वाट पाहते. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावर १९२० पासून वाफेवरच्या उपनगरी गाड्यांची दाट फेरसेवा याच रीतीने चालत असे. वरच्या वर्गांचे डबे चटकन ओळखू यावेत म्हणून त्यांवर रंगीत पट्टे ओढलेले असत. त्यावरून तिला ‘जॅझ’ हे टोपणनाव पडले. मुंबईच्या लोकलची सवय असलेल्या वाचकाला ही लगबग वेगळी समजावून द्यायला नको. लोकलला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्याने तिथे इंजिन बदलण्याचा खेळ नाही, आणि शंटिंगची आवड असलेल्या माणसाला चर्चगेटची हुबेहूब प्रतिकृती लवकरच कंटाळवाणी होईल.

फ्रीझर यांचे स्थानक खंदकात आहे, हीसुद्धा सोयच. मागे उंच संरक्षक भिंत, वर रस्ता, रस्त्यावर दुकानांची रांग, आणि मार्ग फळीबाहेर पडतो तिथे एक आडवा पूल. पुलाखाली गेलेली गाडी शहरात गेली असे वाटते. प्रत्यक्षात ती फुटभर अंतरावर एका सरकत्या फळीवर उभी असते. स्थानक उंचावर घ्यायचे असेल तर कमानींचा पूल योजतात. १८३० च्या दशकात बांधलेल्या लंडन अँड ग्रीनिच रेल्वेच्या पुलाला ८७८ कमानी होत्या. लंडनमध्ये अशा कमानींखाली गॅरेज, भंगारखाने, सुतारशाळा थाटल्या गेल्या. मांडणीकाराला त्यांतल्या चारपाच पुरतात.

इंग्लनूक : ॲलन राइट यांचा मालवाहतुकीचा छोटा आराखडा. तीन रूळ, त्यांत अनुक्रमे पाच, तीन व तीन वाघिणी मावतात. एकूण आठ वाघिणींपैकी पाच, चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने लावायच्या. असे ६,७२० क्रम संभवतात.

वास्तुनिर्मिती : मापे घेण्यापासून काम सुरू होते. बऱ्याचदा मूळ इमारत पाडलेली असते आणि हाती एखादे छायाचित्र असते. वीटकाम दिसत असेल तर तेवढे पुरते. ब्रिटिश विटेचा एक थर दर्जेसह सुमारे ७५ मिमी भरतो, म्हणजे चार थरांना एक फूट. छायाचित्रात दरवाजाच्या उंचीत २८ थर मोजले, तर दरवाजा २,१०० मिमी उंच. ओओ प्रमाणात साडेसत्तावीस मिमी. ओओमध्ये एक थर जवळजवळ नेमका १ मिमी येतो, त्यामुळे सुताराची साधी पट्टी घेऊनही रेखाटन करता येते. रुंदी मोजताना छायाचित्रातला तिरपेपणा लक्षात घ्यावा लागतो. आडव्या विटा मोजून तोही सुधारता येतो. भारतातील मॉड्यूलर विटेचा थर दर्जेसह १०० मिमी असतो. तिथे हेच गणित वेगळे मांडावे लागेल.

भिंतीसाठी दोन मते आहेत. जुने मत पुठ्ठ्याचे. ऑक्सफर्डशरमधील लाँग विटनम येथे रॉय इंग्लंड यांनी १९५४ मध्ये उभारलेल्या पेंडन संग्रहालयातील घरे मुख्यतः पुठ्ठ्याची आहेत. विटांचे सांधे त्यावर कोरून जलरंगाने रंगवलेले आहेत, आणि त्या कामाचा दर्जा अजून प्रमाण मानला जातो. तिथला देखावा खेड्यांचा असला तरी तंत्र शहरालाही तेच. दुसरे मत पॉलिस्टायरीनच्या पत्रीचे. तिच्यावर विटांचा उठाव आधीच असतो, द्रावक लावला की सांधा क्षणात एकजीव होतो आणि ती ओलाव्याने फुगत नाही. पत्रीत विटा फार नियमित दिसतात, ही तक्रार खरी आहे. तरीही प्रस्तुत नोंदीत पत्रीकडे थोडे झुकते माप आहे, कारण दमट हवेत पुठ्ठा भरवशाचा नाही. कोकणपट्टीत पुठ्ठ्याच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी रंग किंवा वार्निश द्यावे. एकाच बाजूने दिले तर पहिल्या पावसाळ्यात ती धनुष्यासारखी वाकते. आतून आडव्या पट्ट्यांचा सांगाडा आणि प्रत्येक मजल्याला तळ दिला तर आणखी बळकटी येते. तळाचा दुसरा फायदा असा की एका खिडकीतून पाहिले तर समोरच्या खिडकीतून आरपार उजेड दिसत नाही.

कोपऱ्यात दोन भिंती ४५ अंशांत घासून जोडतात. नुसत्या एकावर एक चढवल्या तर पत्रीची कड उघडी पडते आणि विटांचे थर तुटलेले दिसतात. थर दोन्ही भिंतींवर एकाच रेषेत आले पाहिजेत. परीक्षक सर्वांत आधी तिथेच पाहतो. खिडकीची भोके आधी पाडावीत, मग भिंत कापावी. उलट केल्यास अरुंद खांब मोडतात. तावदानांना पारदर्शक पत्री लावताना सायनोअ‍ॅक्रिलेट डिंक वापरू नये. त्याच्या वाफेने तावदानावर पांढुरका थर बसतो आणि तो निघत नाही.

पाट्यांच्या छपरासाठी कागदाची लांब पट्टी घेऊन तिला खालच्या कडेने ठरावीक अंतरावर चिरा द्यायच्या, आणि पट्ट्या वळचणीपासून आढ्याकडे एकीवर एक चढवत न्यायच्या. प्रत्येक ओळ अर्ध्या पाटीने सरकवलेली हवी. एखाददुसरी पाटी निसटलेली, एखादी वेगळ्या छटेची ठेवली की छप्पर वापरातले वाटते. पन्हळ, नळ, धुराडी विसरू नयेत. नव्या हौशीचे काम बहुधा छपरावरून ओळखू येते.

अर्धउठाव : मागच्या भिंतीला टेकलेल्या इमारतींची खोली इंच-दीड इंचच ठेवतात, दर्शनी बाजू पूर्ण, बाकी काही नाही. लांबलचक गोदामाच्या बारा खिडक्यांच्या ठिकाणी आठ घेतल्या तरी चालते, पण खिडकीचे आणि दरवाजाचे माप कमी करायचे नाही. डोळा दरवाजावरून माणसाची उंची ताडतो. लंडनच्या मॉडेल रेल्वे क्लबने (स्थापना १९१०) किंग्ज क्रॉसजवळच्या परिसराची ‘कोपनहेगन फील्ड्स’ ही मांडणी केली आहे. तिच्यात मागे जाताना इमारतींचे प्रमाणच हळूहळू लहान होत जाते, त्यामुळे काही फुटांत अख्खे उत्तर लंडन दूरवर पसरलेले दिसते. ही मांडणी आकाराने मात्र अजिबात छोटी नाही.

रंग : १९५० च्या दशकातील लंडन दाखवायचे असेल तर विटा लाल रंगवू नयेत. लंडनची जुनी वीट पिवळसर, आणि तीही कोळशाच्या काजळीने काळवंडलेली. डिसेंबर १९५२ च्या विषारी धुक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. इमारती धुऊन काढण्याचे काम त्याच्याही पुढचे. आधी करड्या-तपकिरी रंगाचा हात द्यावा, दर्जांत पातळ फिकट रंग सोडून लगेच पुसावा, काही विटा सुट्या छटांनी उचलाव्यात, आणि शेवटी काळ्या भुकटीचा कोरडा कुंचला वळचणीखाली व पुलाच्या कमानीवर फिरवावा. शुद्ध काळा रंग कुठेही वापरू नये.

विद्युत्‌योजना : १२ व्होल्ट एकदिश प्रवाह, किंवा प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डीसीसी पद्धत.

अन्य देश : अमेरिकेत जॉर्ज सेलिओस यांची ‘फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टर’ ही १९३० च्या दशकातील शहर दाखवणारी एचओ मांडणी दाट, जुनाट इमारतींसाठी गाजली. जपानमध्ये घरे लहान असल्याने एन प्रमाण रुजले; काटो कंपनीने सी-५० हे आपले पहिले एन इंजिन १९६५ मध्ये काढले.

महाराष्ट्र : पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. रस्ते, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव असे अख्खे शहरच तिथे गाड्यांभोवती वसवलेले आहे. दिवे मालवून रात्रीचा देखावाही दाखवतात. घरगुती फळीवरच्या मांडणीपेक्षा त्याचा व्याप फार मोठा आहे.

मुंबईचा एखादा कोपरा करू पाहणाऱ्याला बाजारातली विटांची पत्री फारशी कामाला येत नाही. व्हिक्टोरियन काळातील सार्वजनिक इमारतींना मालाड-कुर्ल्याचा दगड आहे. त्याचे ओबडधोबड थर हातानेच कोरावे लागतात. चाळींना लाकडी कठडे आणि मंगळुरी कौले लागतात. सुमारे ४१० × २३५ मिमीचे एक कौल एचओमध्ये ४.७ × २.७ मिमी होते, तेव्हा कौलांची ओळ कागदावर दाबून उठवता येते. खरी अडचण रुळांची आहे. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी आहे, आणि एचओचे तयार रूळ १,४३५ मिमीसाठी केलेले. त्यांवर ठेवलेली लोकल अरुंद चाकांवर उभी दिसते. प्रमाण अचूक हवे असेल तर रुळांतले अंतर १९.३ मिमी ठेवून रूळ, सांधे आणि डब्यांची चाकेही स्वतःच घडवावी लागतात.