लायल रिट्झ : नाव एकीकडे, सूर दुसरीकडे

बीच बॉइजचा १९६६ सालचा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम कान देऊन ऐकला, तर अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक बेसच्या जोडीला आणखी एक खर्ज ऐकू येतो, जाड, लाकडी आणि घुमणारा. ब्रायन विल्सन दोन्ही बेस एकत्र वाजवून घेत असे. त्यातला उभा, लाकडी बेस बऱ्याच गाण्यांत लायल रिट्झचा आहे. पण मूळ रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नाव शोधून सापडत नाही. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांच्या वाट्याला जे आलं, तेच लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतही चालत होतं.

गंमत अशी की, या माणसाच्या नावावर आधीच दोन रेकॉर्ड होत्या, आणि त्या बेसच्या नव्हत्या, युकुलेलेच्या होत्या.

रिट्झचा जन्म १९३०चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. तरुणपणी तो लॉस एंजेलिसच्या एका वाद्यांच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकाला युकुलेले वाजवून दाखवायचं, हा त्या कामाचाच भाग. दाखवता दाखवता तो त्या वाद्यात गुंतला. पुढे कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या भरतीत लष्करात गेला. तिथल्या बँडमध्ये ट्युबा वाजवला आणि बेसही तिथेच शिकला. परतल्यावर गिटारवादक बार्नी केसेलने त्याचं युकुलेले ऐकलं आणि व्हर्व्ह कंपनीचं दार उघडलं.

१९५७मध्ये ‘हाऊ अबाऊट यूक?’ ध्वनिमुद्रित झाला. युकुलेले म्हणजे तेव्हा विनोदी गाण्यांचं, सहलीला नेण्याचं वाद्य. जॅझचे कॉर्ड पाच-सहा सुरांचे, आणि इथे तारा फक्त चार. मग कुठला सूर सोडायचा? मूळ सूर बेसवाला सांभाळतोच, म्हणून तो सोडायचा आणि कॉर्डला रंग देणारे सूर ठेवायचे. या रेकॉर्डवर बेसला रेड मिचेल होता. काय सोडायचं हे रिट्झला इतकं नेमकं कसं कळलं, याचं उत्तर मला त्याच्या बेसवादनात दिसतं.

१९५९मध्ये हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं. त्याच वर्षी ‘फिफ्टिएथ स्टेट जॅझ’ आला. दोन्ही रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत. रिट्झने युकुलेले बाजूला ठेवलं आणि बेस उचलला. यात पराभव शोधण्याचं कारण नाही. घर चालवायचं होतं आणि स्टुडिओत काम भरपूर होतं. तीन तासांचं सत्र, समोर कागद, वाजवायचं आणि पुढच्या स्टुडिओत जायचं. पुढे ‘रेकिंग क्रू’ म्हणून ओळखल्या गेलेल्या वादकांत तो होता. त्याने हजारो ध्वनिमुद्रणांत बेस वाजवला.

इकडे हवाईत मात्र वेगळंच घडत होतं. न खपलेल्या त्या दोन रेकॉर्ड तिथले तरुण वादक पुन्हा पुन्हा लावत होते आणि एकेक कॉर्ड कानाने उतरवून घेत होते. रिट्झला याची खबरच नव्हती. १९८०च्या दशकात रॉय साकुमा यांनी त्याला होनोलुलूच्या युकुलेले महोत्सवाला बोलावलं, तेव्हा आपल्याला इथे ओळखतात हे त्याला समजलं. नंतर तो तिथेच राहायला गेला. म्हणजे ज्या गाण्यांनी जग भरलं तिथे तो बेनाम, आणि ज्या रेकॉर्ड बुडाल्या त्यांनी त्याला शागीर्द मिळवून दिले!

२००६मध्ये त्याने घरच्या संगणकावर ‘नो फ्रिल्स’ हा अल्बम केला. त्यात युकुलेले त्याचं आणि बेसही त्याचाच. २०१७च्या मार्चमध्ये पोर्टलंडला तो वारला.