शंभर दाण्यांची साक्ष

संभाव्यतेचें गणित म्हटलें कीं नाणीं, फांसे आणि पत्ते यांचीं उदाहरणें डोळ्यांपुढें उभीं राहतात. त्यामुळें हें शास्त्र म्हणजे जुगाऱ्यांचा विरंगुळा, असा ग्रह सहज होतो. परंतु जालना जिल्ह्यांत तींच उदाहरणें मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या अंगणांत सोडविलीं जातात. तेथें नाण्याच्या जागीं सोयाबीनचा दाणा असतो, आणि उत्तर चुकलें तर हंगाम हातचा जातो.

रीत साधी आहे. पोत्यांतून न निवडतां शंभर दाणे घ्यावयाचे, ओल्या गोणपाटावर ओळींनीं मांडावयाचे, गुंडाळी ओलसर ठेवावयाची आणि कांहीं दिवसांनीं कोंब मोजावयाचे. प्रमाणित सोयाबीनची उगवण शेंकडा निदान 70 असावी, असा आपल्याकडे दंडक आहे. आतां समजा, पासष्टच दाणे उगवले. तर तें पोतें नापास ठरवावें काय?

या प्रश्नाचें मूळ स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं सांपडतें. तेथील गणिती याकोब बर्नुली याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, 1713 सालीं, प्रसिद्ध झाला. एका कलशांत 3000 पांढरे व 2000 काळे खडे आहेत. एकेक खडा काढून, पाहून, पुन्हां आंत टाकीत गेल्यास त्यांचें प्रमाण कळेल काय, असा प्रश्न त्यानें घातला. खडे जितके अधिक वेळां काढावे तितका अंदाज सत्याजवळ जातो, हें त्यानें सिद्ध केलें. मात्र चूक पन्नासाव्या भागाहून अधिक नसावी आणि खात्री हजारास एक असावी, असा आग्रह धरल्यास 25,550 वेळां खडा काढावा लागेल, असा त्याचा हिशेब होता. खात्री विकत मिळते खरी, पण महाग!

बियाण्याचें पोतें हाही एक कलशच होय. 1869 सालीं सॅक्सनींतील थारांट येथें फ्रीड्रिख नोब्बे यानें बीजपरीक्षेचें पहिलें केंद्र काढलें. 1924 सालीं बीजपरीक्षेची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आज प्रयोगशाळेंत उगवणीसाठीं चारशें दाणे, शंभराशंभरांच्या चार वांट्यांनीं, तपासण्याचा प्रघात आहे. चारशेंच कां? ज्या पोत्याची खरी उगवण शेंकडा 70 आहे, त्यांतील शंभर दाण्यांपैकीं पासष्ट किंवा त्याहून कमी उगवण्याचा प्रसंग सहांत सुमारें एकदां येतो. म्हणजे निर्दोष पोत्यालाही वरचेवर दोष लागेल. चारशें दाणे घेतल्यास तितकीच घट साठांत सुमारें एकदांच दिसते. दाणे चौपट केले कीं अंदाजांतील चूक निम्म्यावर येते.

जालन्याला हें गणित विशेष जवळचें आहे. बद्रिनारायण बारवाले यांनीं 1964 सालीं येथें महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी स्थापन केली. 1998 सालीं त्यांना जागतिक अन्न पारितोषिक मिळालें. 1966 सालीं बियाणें अधिनियम झाला आणि उगवणीचा आंकडा कायद्याच्या कक्षेंत आला. 1981 सालीं जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तोंवर बियाण्याचें गांव ही त्याची ओळख रूढ होऊं लागली होती.

तथापि गणितालाही मर्यादा आहे. कपाशीच्या चार बियांपैकीं तीन उगवतात असें धरून प्रत्येक ठिकाणीं दोन टोबल्या, तर दोन्ही फुकट जाण्याची शक्यता सोळांत एक येते. दहा हजार ठिकाणांपैकीं 625 रिकामीं राहतील. हा गुणाकार एका बीचें नशीब दुसरीहून वेगळें आहे असें गृहीत धरतो. पाऊस ओढ देतो तेव्हां दोघीही एकाच कोरड्या मातींत असतात, आणि बुडतात त्या बरोबरच. दुबार पेरणीचें संकट सोळांत एक या हिशेबानें येत नाहीं. तें सबंध शिवारावर एकदम येतें.

म्हणून गोणपाटावरील पासष्ट कोंब हा निकाल नव्हे, साक्ष आहे. शहाणा शेतकरी ती ऐकून पुन्हां दाणे मांडतो, आणि साक्ष तीच राहिली तर जेथें पासष्ट किलो पेरावयाचे तेथें सत्तर पेरतो. उरलेलें उत्तर आभाळाकडे असतें.