दिनविशेष : १ डिसेंबर – नायडूंचे ११ षट्कार

पावसाळ्यात जेथे रग्बीचे खेळाडू चिखल तुडवीत, त्या मुंबईच्या जिमखाना मैदानावर १९२६ साली आजच्या तारखेस नागपूरचे कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू यांनी, आर्थर गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध हिंदू संघाकडून खेळताना, ११६ मिनिटांत १५३ धावा काढल्या. त्यांत १३ चौकार आणि ११ षट्कार होते, आणि बॉब वायट यांचा एक चेंडू तर थेट जिमखान्याच्या छपरावर जाऊन पडला. प्रतिपक्षाने प्रसन्न होऊन त्यांस चांदीची बॅट नजर केली.

वऱ्हाडचा कारभार त्या काळी मध्यप्रांतासह नागपूरहून चाले. म्हणून पातूर-अकोल्याकडील क्रिकेटप्रेमींना नायडू आपल्याच मुलखाचे वाटावेत, हे स्वाभाविकच होय.

२५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर हिंदुस्थानची पहिली कसोटी सुरू झाली, तेव्हा नेतृत्व त्यांच्याकडेच होते. क्षेत्ररक्षण करताना हातास इजा झाली असूनही पहिल्या डावात त्यांनी संघातील सर्वाधिक ४० धावा केल्या, आणि आमच्या मते त्या ४० धावांचे मोल १५३ हून अधिक आहे. कसोट्या त्यांच्या वाट्यास अवघ्या ७ आल्या. रणजी सामन्यांत मात्र साठी उलटल्यावरही ते मैदानात उतरत होते.