विधानसभेच्या विश्वासावर
(प्रस्तावना)

21 जून 2022 रोजी सुरतच्या लिंबायत भागातल्या घराघरांत टीव्हीवर सुरत दिसत होती आणि बातमी महाराष्ट्राची होती. शिवसेनेचे एकनाथ शिंदे आपल्याच सरकारविरुद्ध बंड करून काही आमदारांसह रातोरात इथल्या एका हॉटेलात आले होते. 29 तारखेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. लिंबायतच्या खानदेशी माणसाचं मत गुजरातेत, भाऊबंद जळगाव-धुळ्याकडे. सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातच्या मुख्यमंत्रिपदावरून विजय रूपाणी जाऊन भूपेंद्र पटेल आल्याचंही त्याने पाहिलं होतं. दोन्ही वेळा मतदान झालं नव्हतं. मग मुख्यमंत्री ठरवतो कोण? राज्यशासनाच्या अभ्यासात शिरायला याहून चांगलं दार मला माहीत नाही.

उत्तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 164 मध्ये आहे: मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकपणे जबाबदार असतं. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत गव्हर्नर थेट लोक निवडतात. आपल्याकडेही 1947 मध्ये सरदार पटेलांच्या समितीने राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा असं सुचवलं होतं. लोकांनी निवडलेला राज्यपाल आणि सभागृहाच्या पाठिंब्यावरचा मुख्यमंत्री एकमेकांसमोर उभे ठाकतील, या भीतीने 1949 मध्ये घटना समितीने ते बदललं. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात अध्यक्षीय आणि संसदीय पद्धतींमधली ही निवड नेमकी मांडली. अध्यक्षीय पद्धतीत स्थैर्य अधिक. संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक, कारण सरकारचा हिशेब निवडणुकीबरोबरच रोजच्या रोज सभागृहातही होतो.

मला हा रोजचा हिशेब मोलाचा वाटतो. म्हणून राज्यांनी संसदीय पद्धत सोडू नये, असं माझं मत आहे. पण 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर पक्षादेशाविरुद्ध मत देणारा आमदार जागा गमावू शकतो, आणि हिशेब मागणारा आवाजच दबतो. यावर उपाय म्हणून मुख्यमंत्र्याच्या थेट निवडणुकीकडे वळू पाहणाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या नगराध्यक्षपदाचा इतिहास जरूर वाचावा. तिथे थेट निवड आणली गेली, काढली गेली, पुन्हा आणली गेली.

लिंबायतचा स्वतंत्र मतदारसंघ 2012 मध्ये पहिल्यांदा मतदानाला गेला. तिथला आमदार ज्या गुजरात विधानसभेत बसतो, तिथे 182 सदस्य आहेत, आणि 2003 च्या घटनादुरुस्तीने घातलेल्या पंधरा टक्क्यांच्या मर्यादेमुळे मंत्री होऊ शकतात फार तर 27. उरलेल्या दीडशेहून अधिक आमदारांनी सभागृहात काय करायचं असतं, तिथून पहिलं प्रकरण सुरू होतं.